डोंगराळ प्रदेशांची ऊर्जा-स्वयंपूर्णता : दुसऱ्या खोऱ्याचा अनुभव आपल्या कामी कसा आणावा

डोंगराळ भागातल्या वस्तीपुढचे ऊर्जेचे प्रश्न सपाटीवरच्या गावांपेक्षा वेगळे असतात. विजेची वाहिनी लांबलचक असते, दरडीने किंवा बर्फाच्या भाराने ती तुटते आणि दुरुस्तीला माणसे पोहोचेपर्यंत कित्येक दिवस जातात. इंधन ट्रकने, खेचरावर किंवा माणसाच्या पाठीवर चढते, त्यामुळे प्रत्येक लिटरवर वाहतुकीचा खर्च बसतो. उंचावरच्या हिवाळ्यात सर्वांत मोठी गरज दिव्यांची नसून उबेची असते आणि नेमक्या त्याच दिवसांत ओढे रोडावलेले किंवा गोठलेले असतात. या प्रश्नांची तयार उत्तरे शहरातल्या सल्लागाराकडे क्वचितच मिळतात. अशाच परिस्थितीतल्या दुसऱ्या एखाद्या खोऱ्याने मात्र ती बहुधा शोधलेली असतात. आल्प्समधील सहकारी वीजसंस्था, नेपाळमधील सूक्ष्म जलविद्युत केंद्रे आणि लडाखमधील सूर्याच्या उष्णतेवर उबदार राहणारी घरे हा अनुभवाचा मोठा साठा आहे. तो पारखून कसा घ्यावा आणि आपला अनुभव इतरांना कसा द्यावा, याची पद्धत येथे क्रमाने मांडली आहे. तिच्या मुळाशी एक आग्रह आहे : दुसऱ्याचे यंत्र पाहून भारावून जाण्याआधी त्या यंत्राची नोंदवही मागावी आणि तिच्यातले सर्वांत वाईट महिन्याचे पान आधी वाचावे.

पहिली पायरी : ‘स्वयंपूर्ण’ कशाला म्हणायचे ते ठरवा

हा निर्णय टाळला की पुढचे सगळे आकडे निसरडे होतात. भूतानची वीज प्रामुख्याने वाहत्या नद्यांवरच्या जलविद्युत केंद्रांतून येते. पावसाळ्यात नद्या भरलेल्या असताना तो देश भारताला वीज विकतो आणि हिवाळ्यात प्रवाह घटल्यावर भारताकडून विकत घेतो. वर्षाचा ताळेबंद पाहिला तर चित्र उत्तम दिसते, पण जानेवारीतली गरज त्या ताळेबंदाने भागत नाही.

स्पेनच्या एल हिएरो या डोंगराळ बेटावर २०१४ साली पवनचक्क्या आणि पाणी वर चढवून साठवणारे जलविद्युत केंद्र यांची जोडयोजना सुरू झाली. वारा जास्त असला की पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि वारा पडला की तेच पाणी खाली सोडून वीज घ्यायची, अशी तिची रचना आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात हे बेट सलग २४ दिवस केवळ नवीकरणीय विजेवर चालले. त्याच वर्षाचा एकूण हिस्सा मात्र निम्म्याच्या थोडाच वर होता. दोन्ही आकडे खरे आहेत, तरी नियोजनाला दुसरा अधिक उपयोगी आहे.

म्हणून तीन उद्दिष्टे वेगवेगळी लिहून काढावीत. वर्षभराची निर्मिती वर्षभराच्या वापराएवढी असणे हे पहिले आणि सर्वांत सोपे. सर्वांत वाईट महिन्यातही गरज भागणे हे दुसरे. बाहेरचा पुरवठा तुटल्यावर दवाखाना, पाण्याचा पंप, दूरसंचार मनोरा आणि किमान दिवे चालू राहणे हे तिसरे. माझ्या मते डोंगरी वस्तीने सुरुवात तिसऱ्यापासून करावी, कारण त्याला भांडवल कमी लागते आणि संकटात उपयोग सर्वांत जास्त होतो. येथे एक तांत्रिक बाब नीट समजून घेतली पाहिजे. गावात निर्मिती आहे एवढ्याने ग्रिड, म्हणजे बाहेरून वीज आणणारे मोठे जाळे, गेल्यावर गावात वीज राहतेच असे नाही. ग्रिडला जोडलेले नेहमीचे सौर इन्व्हर्टर ग्रिड जाताच सुरक्षेसाठी स्वतःहून बंद पडतात. गावाचे जाळे ग्रिडपासून विलग करून स्वतंत्रपणे चालवण्याची सोय मुद्दाम करून घ्यावी लागते. २८ सप्टेंबर २००३ च्या पहाटे स्वित्झर्लंडमधील लुकमानियर भागातून जाणाऱ्या उच्चदाब वाहिनीवर एका झाडामुळे बिघाड झाला आणि अर्ध्या तासाच्या आत जवळजवळ सगळा इटली अंधारात गेला. दूरची एक वाहिनी किती लोकांच्या घरापर्यंत पोहोचलेली असते, हे त्या पहाटेने दाखवले.

दुसरी पायरी : आपली नोंदवही आधी भरा

दुसऱ्यांकडे जाण्यापूर्वी एका पूर्ण वर्षाची स्वतःची नोंद हवी. विजेची बिले गोळा करणे सोपे असते म्हणून बहुतेक आराखडे विजेपाशीच थांबतात आणि इथेच फसगत होते. थंड डोंगरी प्रदेशात घरातील ऊर्जेचा मोठा भाग खोल्या गरम ठेवण्यात, पाणी तापवण्यात आणि स्वयंपाकात जातो आणि तो लाकूड, शेण, रॉकेल किंवा गॅसच्या रूपाने येतो. त्याचे बिल नसते. शिवाय लाकूड आणण्याचे श्रम मुख्यतः बायकांच्या वाट्याला येतात, त्यामुळे पुरुषांच्या बैठकीत ते आकड्यात उतरतच नाहीत.

वस्तीतली लहानमोठी, नवीजुनी अशी काही घरे निवडावीत. प्रत्येक ऋतूत एक आठवडा त्या घरातली सरपणाची मोळी चुलीत जाण्याआधी ताणकाट्यावर तोलावी आणि लाकूड ओले की वाळलेले याची नोंद करावी. ही नोंद महत्त्वाची आहे, कारण नीट वाळलेल्या एक किलो लाकडातून साधारण चार युनिट (किलोवॉट-तास) उष्णता मिळते, तर ताज्या तोडलेल्या, निम्मे पाणी असलेल्या लाकडातून जेमतेम सव्वादोन. म्हणजे ओले लाकूड जाळणाऱ्या घराला त्याच उबेसाठी चुलीत जवळपास दुप्पट वजनाचे लाकूड घालावे लागते. सरपण फोडून, छपराखाली, हवा खेळेल असे रचून वर्षभर ठेवण्याची शिस्त हा कदाचित सर्वांत स्वस्त ऊर्जाप्रकल्प ठरेल.

नोंद पूर्ण झाली की निर्मितीपूर्वी बचतीकडे वळावे. ऑस्ट्रियातील ग्युसिंग हे टेकड्यांच्या प्रदेशातले छोटे शहर ऊर्जा-स्वयंपूर्णतेसाठी जगभर गाजले. तिथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पहिले काम झाले ते सार्वजनिक इमारती आणि रस्त्यावरचे दिवे यांतली गळती थांबवण्याचे आणि नगरपालिकेचा ऊर्जाखर्च त्यातून जवळपास निम्म्यावर आला. छपराला उष्णतारोधक थर, खिडक्यांच्या फटी बुजवणे, धुराडे असलेली सुधारित चूल या गोष्टींचे उद्घाटन कोणी करत नाही. पण पुढच्या यंत्राचा आकार आणि किंमत त्यांच्यावरच ठरते.

तिसरी पायरी : जोडीदार प्रदेश साधर्म्यावरून निवडा

प्रसिद्ध ठिकाण आणि उपयोगी ठिकाण ही बहुधा वेगवेगळी असतात. बव्हेरियातील विल्डपोल्ड्सरीड हे आल्गॉय भागातले सुमारे अडीच हजार वस्तीचे गाव स्वतःच्या वापराच्या कित्येक पट वीज तयार करते. ते यश खरे आहे, पण त्यामागे मजबूत ग्रिड, जादा वीज ठरलेल्या दराने विकत घेणारा कायदा आणि गुंतवणूक करू शकणारे शेतकरी आहेत. यांपैकी काहीच नसलेल्या वस्तीला तिथून चिकाटी शिकता येईल, आराखडा उचलता येणार नाही.

साधर्म्य पाहताना उंची आणि हवामान यांवर थांबू नये. पाणी बर्फाचे की पावसाचे, हे पाहावे, कारण त्यावर टंचाईचा महिना ठरतो. हिमनदीवर पोसलेला ओढा कडक हिवाळ्यात सर्वांत क्षीण असतो, तर झऱ्यांवर चालणारा ओढा पावसाळ्याच्या तोंडावर. गाडीरस्ता किती दूर आहे, वेल्डिंग आणि लेथची सोय असलेले सर्वांत जवळचे वर्कशॉप कुठे आहे, हेही तितकेच मोलाचे आहे. लोकांना एकत्र मालकीची सवय आहे का, पाण्याच्या पाळ्या वाटून घेण्याची जुनी रीत आहे का, हेही विचारावे. जिथे सामायिक कालव्याची डागडुजी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तिथे वीजकेंद्राची देखभाल रुळायला सोपे जाते.

अशी ठिकाणे शोधण्यासाठी काही जुनी जाळी उपलब्ध आहेत. काठमांडूतील इसिमोड ही संस्था १९८३ पासून हिंदुकुश-हिमालयातील आठ देशांसाठी काम करते. आल्प्समधील स्थानिक स्वराज्य संस्थांचे ‘अलायन्स इन द आल्प्स’ हे जाळे १९९७ साली उभे राहिले. जगभरच्या पर्वतीय प्रदेशांसाठीची ‘माउंटन पार्टनरशिप’ २००२ साली स्थापन झाली. एक जोडीदार आपल्यापेक्षा दहा वर्षे पुढे असलेला आणि एक आपल्याच टप्प्यावरचा असे दोन निवडावेत. पहिला दिशा दाखवतो, तर दुसऱ्याशी रोजच्या अडचणी बरोबरीने बोलता येतात.

चौथी पायरी : भेट सर्वांत वाईट ऋतूत घ्या

पाहुणे बोलावले जातात ते ओढा भरलेला आणि आकाश निरभ्र असताना. तेव्हा प्रत्येक योजना चांगली दिसते. शक्य असेल तर टंचाईच्या महिन्यात जावे आणि जाता येत नसेल तर त्या महिन्याची नोंदवही मागवून घ्यावी.

कोण जाणार हेही विचारपूर्वक ठरवावे. पदाधिकारी जातात आणि भाषणे ऐकून परततात, असे फार वेळा घडते. माझ्या यादीत आधी तीन माणसे येतील : जो प्रत्यक्ष यंत्र चालवणार आहे तो, जो पैसे गोळा करणार आहे तो आणि स्वयंपाकघर सांभाळणारी, निर्णयात बोलू शकणारी एखादी स्त्री. यजमानांकडेही आपल्या ऑपरेटरने तिथल्या ऑपरेटरसोबत निदान दोन रात्री वीजघरात काढाव्यात. जाळी किती वेळा तुंबते, कोणता बेअरिंग आधी आवाज करू लागतो, पट्टा कुठे मिळतो, गाळ कधी येतो, ही माहिती अहवालात नसते. ती हात काळे झालेल्या माणसाकडून दुसऱ्या तशाच माणसाकडे जाते.

विचारायचे प्रश्न लिहून न्यावेत : गेल्या वर्षी केंद्र किती दिवस बंद होते आणि कशामुळे? प्रत्येक बंदीनंतर सुरू व्हायला किती दिवस लागले आणि सुटा भाग कुठून आला? किती घरे पैसे वेळेवर भरतात आणि न भरणाऱ्यांचे काय होते? दुरुस्तीच्या निधीत आज खरोखर किती रक्कम आहे? पुन्हा बांधायचे असते तर काय वेगळे केले असते? शेवटच्या प्रश्नाला वेळ द्यावा. त्याचे उत्तर बहुधा संध्याकाळी, अधिकृत बैठक संपल्यावर मिळते.

पाचवी पायरी : आपला ओढा, आपले ऊन, आपले लाकूड स्वतः मोजा

दुसऱ्याच्या अनुभवातून पद्धत घ्यायची असते, मोजमाप मात्र आपल्याच जागेचे लागते. वाहत्या पाण्यातून किती वीज मिळेल, याचा हिशेब दोन आकड्यांवर चालतो : दर सेकंदाला किती लिटर पाणी आणि ते किती मीटर खाली पडते. लहान केंद्रासाठी या दोन आकड्यांचा गुणाकार करून त्याला पाचाने गुणले, की हाती येणारे वॉट अंदाजाने मिळतात. पाण्याची निम्मी ताकद पाइप, टर्बाइन आणि जनित्रातल्या घटीत जाते, असे यात धरले आहे.

पाणी मोजण्यासाठी ओढ्याचा दहा मीटरचा सरळ, एकसारखा भाग निवडावा. रुंदी मोजावी, काठीने तीन-चार ठिकाणी खोली पाहून सरासरी काढावी. मग अर्धवट पाणी भरलेली, बूच लावलेली बाटली वरच्या टोकाला थोडी आधी सोडून दहा मीटर पार करायला तिला लागणारा वेळ अनेकदा मोजावा. समजा रुंदी ६० सेंटिमीटर, खोली २० सेंटिमीटर आणि वेळ २० सेकंद आला. पृष्ठभागावरचा वेग सेकंदाला अर्धा मीटर झाला, पण तळाशी पाणी संथ असल्याने त्याला ०.७ ने गुणावे लागते. हिशेब येतो सेकंदाला ४२ लिटर. उतार ३० मीटरचा असेल, तर ४२ गुणिले ३० गुणिले ५, म्हणजे ६,३०० वॉट. हे ऐकून आनंद होतो. मात्र तोच ओढा टंचाईच्या महिन्यात १२ लिटरवर येत असेल, तर वीज उरते १,८०० वॉट, म्हणजे दिवसरात्र चालवून सुमारे ४३ युनिट. चाळीस घरांत वाटले तर घरटी एका युनिटच्या थोडे वर. दिवे, मोबाइल, दूरचित्रवाणीसंच यांना ते पुरते, विजेच्या शेगडीला नाही. म्हणून हे मोजमाप निदान वर्षभर, दर महिन्याला एकाच जागी करावे आणि ओढ्यातील जीवांसाठी व खालच्या शेतांसाठी सोडायचे पाणी त्यातून आधीच वजा करावे.

सौरपत्र्यांबाबत (सोलर पॅनेल) उंचावरच्या प्रदेशाला निसर्गाची साथ आहे. थंडीत पत्र्यांची कार्यक्षमता वाढते आणि बर्फावरून परतलेला प्रकाशही मिळतो. स्वित्झर्लंडमधील मुट्झे धरणाच्या भिंतीवर सुमारे २,५०० मीटर उंचीवर बसवलेला २.२ मेगावॉटचा सौरप्रकल्प वर्षाची जवळपास निम्मी वीज हिवाळी सहामाहीत देतो, कारण तो दऱ्यांतल्या धुक्याच्या वर आहे आणि त्याचे पत्रे तीव्र कोनात आहेत. बर्फाच्या प्रदेशात पत्रे ६० अंश किंवा अधिक उभे लावावेत, म्हणजे बर्फ घसरून पडतो. मात्र समोरचा डोंगर डिसेंबरात किती तास ऊन अडवतो, हे जागेवर उभे राहून पाहिल्याशिवाय एकही पत्रा विकत घेऊ नये. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केल्यास कायमची खराब होते. तिला घराच्या उबदार भागात जागा द्यावी.

उबेसाठी वीज खर्च करण्याआधी लडाखची पद्धत पाहावी. दक्षिणेकडे काच, तिच्यामागे काळसर रंगवलेली जाड मातीची भिंत, उत्तरेला कमीत कमी झरोके, आणि छत व भिंतींत पेंढा किंवा लाकडाचा भुसा अशा साध्या रचनेतून तिथली घरे आणि शाळा बाहेर उणे वीस अंश असतानाही अत्यल्प इंधनात राहण्याजोग्या राहतात. हे तंत्र कोरड्या, भरपूर उन्हाच्या थंड प्रदेशाचे आहे. ढगाळ खोऱ्यात ते जसेच्या तसे चालणार नाही. बायोगॅसही तसाच आहे : पंधरा अंशांच्या खाली गॅस झपाट्याने कमी होतो, त्यामुळे उंचावर टाकीला कंपोस्टचे किंवा हरितगृहाचे आच्छादन द्यावे लागते. आल्प्समधील लाकडाच्या तुकड्यांवर चालणारी सामायिक उष्णता-जाळी दाट वस्तीला शोभतात. विखुरलेल्या घरांना ती परवडत नाहीत, कारण लांब पाइपांतच उष्णता विरते.

सहावी पायरी : धोक्याचा अनुभवही मागून घ्या

नेपाळच्या खुंबू भागात ४ ऑगस्ट १९८५ रोजी डिग त्शो हे हिमनदी-सरोवर फुटले आणि नामचे येथील पूर्ण होत आलेले लघु जलविद्युत केंद्र उद्ध्वस्त झाले. पुढे १९९० च्या दशकात ऑस्ट्रियाच्या मदतीने त्याच परिसरात थामेजवळ ६२० किलोवॉटचे केंद्र उभे राहिले आणि ते चालवण्यासाठी खुंबू बिजुली कंपनी ही स्थानिक कंपनी स्थापन झाली. आल्प्सने हिमालयाला दिलेला हा अनुभव होता आणि त्यात आधीच्या विध्वंसाची जाणीव धरलेली होती. धोका मात्र तिथेच आहे : १६ ऑगस्ट २०२४ रोजी वरच्या सरोवरांतून आलेल्या पुराने थामे गावाची मोठी हानी केली. मोठ्या प्रमाणावर हेच सिक्कीममध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये घडले. दक्षिण ल्होनाक सरोवर फुटल्यानंतर तीस्तेवरचे १,२०० मेगावॉट प्रकल्पाचे चुंगथांग येथील धरण वाहून गेले.

जागा ठरवताना वरच्या खोऱ्यात सरोवर आहे का, कडा कुठे ढासळतो, गेल्या दोन पिढ्यांत पाणी कुठवर आले होते, हे वृद्धांकडून आणि नकाशावरून तपासावे. एका मोठ्या केंद्राऐवजी वेगवेगळ्या ओढ्यांवर दोन लहान केंद्रे खर्चिक पडतात, पण पुरात दोन्ही एकदम जात नाहीत. हा जादा खर्च मला रास्त वाटतो.

सातवी पायरी : मालकी, दर आणि ऑपरेटर

योजना बहुधा यंत्रामुळे बंद पडत नाहीत. त्या बंद पडतात त्या नवा बेअरिंग घ्यायला पैसे नसल्यामुळे, किंवा प्रशिक्षित ऑपरेटर कमी पगाराला कंटाळून शहरात गेल्यामुळे. इटलीतील दक्षिण टायरोलमधील प्रातो अल्लो स्तेल्व्यो या गावची वीज सहकारी संस्था १९२० च्या दशकापासून चालू आहे. सुरुवात पाण्याच्या विजेने झाली, मग लाकडावरची उष्णता, सौर, बायोगॅस असे एकेक स्रोत जोडले गेले. सभासदच ग्राहक आहेत, म्हणून दर कमी ठेवणे आणि दुरुस्तीसाठी शिल्लक ठेवणे या दोन्ही गोष्टी त्यांच्याच हिताच्या ठरतात.

ग्युसिंगचा पुढचा इतिहास इथे लक्षात ठेवावा. २००१ साली सुरू झालेले तिथले लाकडापासून गॅस तयार करणारे वीज-उष्णता केंद्र तांत्रिकदृष्ट्या नावाजले गेले, पण विजेचा वाढीव हमीदर (आधी ठरवून दिलेला खरेदीदर) संपल्यावर ते तगले नाही आणि २०१६ साली बंद झाले. जोडीदाराला विचारायचा प्रश्न यातूनच निघतो : अनुदान किंवा हमीदर उद्या थांबला, तर तुमचे केंद्र किती महिने चालेल?

दर ठरवताना ऑपरेटरचा पगार, नेहमीची देखभाल आणि टर्बाइन बदलण्यासाठी बाजूला टाकायची रक्कम या तिन्ही गोष्टी आधी मांडाव्यात आणि त्यांच्या बेरजेवरून घरटी दर काढावा. ‘लोकांना किती परवडेल’ एवढ्यावरच दर ठरवला, तर पहिल्या मोठ्या दुरुस्तीला केंद्र बसते. गरीब घरांना सवलत जरूर द्यावी, पण ती कोण सोसणार हे सभेत लिहून घ्यावे. संध्याकाळी सगळी वीज लागते आणि दिवसा ती वाया जाते, ही सूक्ष्म केंद्रांची नेहमीची अडचण आहे. दिवसा गिरणी, तेलघाणा किंवा सुतारकाम चालवले, तर उत्पन्न वाढते आणि घरगुती दर खाली राहतात. ऑपरेटर एक नको, दोन तयार करावेत.

आठवी पायरी : शेजाऱ्याशी जोडणी

नेपाळच्या बागलुङ जिल्ह्यात सहा सूक्ष्म केंद्रे, एकूण १०७ किलोवॉट क्षमतेची, एका छोट्या जाळ्यात बांधली गेली, म्हणजे एकीकडे दुरुस्ती चालू असताना दुसरीकडची वीज वापरता यावी. याच देशात २०१८ साली स्याउरेभूमी येथील २३ किलोवॉटचे केंद्र राष्ट्रीय ग्रिडला जोडले गेले. राष्ट्रीय वाहिनी गावात आली की गावचे केंद्र निकामी होते, ही भीती त्यामुळे कमी झाली. सुरुवातीलाच यंत्राचा व्होल्टेज, वारंवारता आणि नियंत्रक पुढे जोडता येतील असे निवडावेत. नंतर बदल करणे फार महाग पडते.

नववी पायरी : देवाणघेवाण चालू ठेवा

एका भेटीने हे काम होत नाही. ऑस्ट्रियातील ई-५ या कार्यक्रमाची रचना मला अनुकरणीय वाटते. त्यात १९९८ पासून सहभागी गावांचे ठरावीक वर्षांनी बाहेरचे परीक्षक मूल्यमापन करतात आणि गुण देताना त्या गावाला जे करणे शक्य होते त्यांपैकी किती टक्के केले, हे पाहतात. ७५ टक्के ओलांडले की सर्वोच्च श्रेणी मिळते. त्यामुळे ओढा नसलेले गाव आणि तीन ओढे असलेले गाव एकाच रांगेत उभे राहून प्रामाणिकपणे बोलू शकतात.

लहान वस्त्यांना यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. जोडीदारांनी मिळून नोंदवहीचा एकच नमुना ठरवावा : दर महिन्याची निर्मिती, बंद दिवस आणि त्यांची कारणे, बदललेले भाग, जमा-खर्च, थकबाकी आणि ओढ्याचा प्रवाह. दोन ओळी न सुटलेल्या अडचणीसाठी राखाव्यात. एकाच प्रकारचे टर्बाइन असलेल्या केंद्रांनी बेअरिंग, पट्टे आणि लोड कंट्रोलर (विजेचा भार सावरणारे उपकरण) यांचा एक संच सामायिक ठेवावा आणि तो कोणाकडे आहे, हे प्रत्येक वीजघराच्या भिंतीवर लिहावे. वर्षाचे पान टंचाईचा महिना संपल्यावर पंधरा दिवसांत एकमेकांना पाठवावे, म्हणजे ओढा पुन्हा भरण्याआधी दुरुस्तीची यादी तयार होते आणि पुढची भेट कोणत्या केंद्रावर घ्यायची हे त्या पानांवरून ठरवता येते.